अन्ननलिकेचा कॅन्सर: ऑपरेशनच्या आधीचे उपचाराचे पाच आठवडे आणि त्यानंतर थांबण्याचे सहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ५७, सोलापुरात यंत्रमागावर काम. चार महिन्यांपूर्वी कडक भाकरी छातीत अडकायला लागली, मग मऊ भाकरी, आता वरणभातसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागतो. वजन ६२ किलोवरून ५० वर आलं. एंडोस्कोपीत दातांपासून २७ ते ३३ सेंटिमीटरवर गाठ, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर), पेट-सीटीत (रोग कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) गाठीजवळच्या दोन लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) सोडल्या तर बाकी शरीर स्वच्छ. डॉक्टरांनी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन एकत्र, मग ऑपरेशन, असा क्रम सांगितला आहे. लेकीचे प्रश्न तीन: गाठ आहे तर आधी कापून का टाकत नाहीत? पन्नास किलोच्या माणसाला दोन्ही एकदम झेपेल का? आणि ओळखीतल्या एकाला ‘लाइट’ (म्हणजे रेडिएशन) घेतल्यावर गिळता यायला लागलं, म्हणून त्यांनी ऑपरेशन केलंच नाही, तसं चालेल का?

डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा गाठीच्या लांबीचा नाही, तो ६२ वरून ५० हा आहे. त्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी कापून का टाकत नाहीत, ते बघू. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक पातळ, गुळगुळीत आवरण असतं. अन्ननलिकेला ते नसतं. तिच्या पुढे श्वासनलिका, डावीकडे महाधमनी, मागे मणका, आणि हे सगळं बोटभर अंतरात. त्यामुळे गाठ भिंतीच्या बाहेर थोडी जरी सरकली तरी सर्जनला तिच्याभोवती मोकळी जागा मिळत नाही. शिवाय अन्ननलिकेच्या अस्तराखाली लसिकावाहिन्यांचं जाळं उभं, लांबीच्या दिशेने पसरलेलं असतं. गाठ छातीत असताना पेशी मानेतल्या किंवा पोटातल्या ग्रंथीत पोचलेल्या असू शकतात. थेट ऑपरेशन केलं की कडेला कॅन्सरच्या पेशी उरण्याची भीती मोठी.

या विषयातली सगळ्यांच्या तोंडी असलेली चाचणी नेदरलँड्समधली, नाव ‘क्रॉस’, २०१२ साली प्रसिद्ध झालेली. त्यात ३६६ रुग्ण होते. निम्म्यांना थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी केमो-रेडिएशन आणि मग ऑपरेशन. कडा पूर्ण स्वच्छ ठेवून गाठ निघण्याचं प्रमाण थेट ऑपरेशनमध्ये ६९ टक्के होतं, आधी उपचार घेतलेल्यांत ९२ टक्के. पुढच्या पाठपुराव्यात स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, २१ महिन्यांवरून जवळपास ८२ महिन्यांवर गेला. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा स्क्वॅमस आणि अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कॅन्सर) हे दोन्ही प्रकार मिळून आधी उपचार घेतलेल्यांत ३८ टक्के रुग्ण हयात होते, थेट ऑपरेशनवाल्यांत २५ टक्के. आणि ज्याची लोकांना धास्ती असते ते: आधी केमो-रेडिएशन घेतल्यामुळे ऑपरेशननंतर रुग्णालयात दगावण्याचं प्रमाण वाढलं नाही, दोन्ही गटांत ते ४ टक्के होतं. चीनमध्ये फक्त स्क्वॅमस रुग्णांवर वेगळी औषधं आणि ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) रेडिएशन वापरून अशीच चाचणी झाली, तिचाही कौल याच बाजूने लागला.

आता ती गोष्ट, जी आकडे सांगताना बहुतेक वेळा राहून जाते. क्रॉस चाचणीत वजन १० टक्क्यांहून जास्त घटलेल्या रुग्णांना घेतलंच नव्हतं. गाठ ८ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, वय ७५ च्या आत हवं, अशाही अटी होत्या. तुमच्या वडिलांचं वय बसतं, गाठीची लांबी बसते, पण वजन १२ किलोने, म्हणजे १९ टक्क्यांनी घटलं आहे. आपल्याकडचा रुग्ण साधारण याच अवस्थेत येतो. भाकरी अडकते तेव्हा ‘पित्त’ म्हणून महिनाभर गोळ्या, मग ‘भाकरी कुस्करून खा’, मग पेज, आणि पाणी अडकायला लागल्यावर एंडोस्कोपी. म्हणून तिकडचे निकाल इकडे मिळवायचे असतील तर आधी खाण्याची सोय लावावी लागते. सात ते दहा दिवस नीट पोषण देऊन मग उपचार सुरू केले तर ते दिवस वाया गेले असं समजू नका. उपचार चालू असताना तिसऱ्या आठवड्यात अशक्तपणामुळे थांबावं लागणं याच्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हिशोब असा. ५० किलोच्या माणसाला दिवसाला दर किलोमागे ३० ते ३५ कॅलरी, म्हणजे १५०० ते १७५०, आणि दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. पातळ पेजेवर आणि नारळपाण्यावर हे कधीच भागत नाही. वाटीभर पेजेत जेमतेम ५०–६० कॅलरी असतात. तोंडाने पातळ उतरत असेल तर दिवसभराचं साधारण गणित: म्हशीचं दूध ७०० मिलीलिटर, ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ ७५ ग्रॅम (आंबील किंवा खीर करून), मूगडाळ ५० ग्रॅम शिजवून, घोटून, गाळून, दुधाची पावडर ३० ग्रॅम, दोन उकडलेली अंडी दुधात वाटून, दोन मोठे चमचे तेल किंवा तूप वेगवेगळ्या पदार्थांत विभागून, आणि मधुमेह नसेल तर ३० ग्रॅम साखर किंवा गूळ. यातून १७०० ते १८०० कॅलरी आणि ६५–७० ग्रॅम प्रोटीन मिळतं. अंडी चालत नसतील तर दुधाची पावडर दुप्पट करा. हुलग्याचं माडगं चांगलं, फक्त नीट गाळलेलं हवं. शेंगदाण्यात ताकद भरपूर, पण कूट नको, भिजवून बारीक वाटून गाळलेलं शेंगदाण्याचं दूध द्या. हे सगळं तीन जेवणांत उतरणार नाही. दर दोन तासांनी १५०–२०० मिलीलिटर, सकाळी ६ ते रात्री १०. घरातल्या एकाने वहीत लिहून ठेवावं, कारण ‘बरंच घेतलं आज’ आणि वहीतली बेरीज यांत निम्म्याचा फरक पडतो.

एवढं तोंडाने जात नसेल तर नळी लागते, आणि कुठली नळी याला इथे फार महत्त्व आहे. नाकातून टाकलेली बारीक नळी पाच-सहा आठवडे चालते. दुसरा पर्याय पोटातून थेट लहान आतड्यात बसवलेली नळी, फीडिंग जेजुनोस्टॉमी. जठरात बसवायची नळी ऑपरेशन ठरलेलं असताना शक्यतो टाळतात, कारण पुढे सर्जन त्याच जठराची नळी करून अन्ननलिकेच्या जागी ओढणार असतो. तिथे छिद्र पडलं किंवा जठराच्या कडेची रक्तवाहिनी दुखावली तर ऑपरेशन अडचणीत येतं. आणि अन्ननलिकेत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, घालून घेऊ नका. लगेच गिळता येतं म्हणून तो मोह मोठा असतो. पण रेडिएशन चालू असताना गाठ आकसते आणि जाळी सरकते, दुखतं, भिंतीला भोक पडू शकतं, आणि सर्जनला ती चिकटलेली जाळी सोडवणं अवघड जातं. जिथे ऑपरेशन करायचंच नाही तिथली ती सोय आहे.

एक धोका घरच्यांना कुणी सांगत नाही. दहा-बारा दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला नळी बसल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं. सूज, धाप, हृदयाचे ठोके चुकणं, गोंधळल्यासारखं वागणं, इथपर्यंत प्रकरण जातं. म्हणून पहिल्या दिवशी गरजेच्या चौथाई-तिहाईने सुरुवात, आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), रोज रक्त तपासणी, आणि चार-पाच दिवसांत पूर्ण मात्रा. ‘किती दिवस काही खाल्लं नाही’ याचं उत्तर डॉक्टरांना अचूक द्या.

पोटातल्या नळीतून आहार थेंबाथेंबाने द्यायचा, ताशी ६० ते १०० मिलीलिटर. मोठ्या सिरिंजने एकदम ढकललं तर पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात, मग लोक आहारालाच दोष देतात. देताना आणि नंतर तासभर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच. आधी-नंतर आणि मधे दर ४ तासांनी ३०–५० मिलीलिटर कोमट पाण्याने नळी धुवायची. नळी तुंबते ती बहुधा न गाळलेल्या पिठामुळे किंवा अर्धवट कुटलेल्या गोळीमुळे. गोळीऐवजी पातळ औषध मागून घ्या. घरी केलेला आहार बाटलीत ४ तासांपेक्षा जास्त टांगू नका, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात तर २ तासांचाच भरा. नळी निसटली तर चिकटपट्टी लावून दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ते छिद्र काही तासांत बुजतं. निसटलेली नळी घरी परत आत सरकवून आहार सुरू करणं तर सगळ्यात धोक्याचं, कारण तो आहार आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकतो.

आता उपचार. सुरू होण्यापूर्वी फाइलमध्ये काय असायला हवं: बायोप्सीचा प्रकार स्पष्ट लिहिलेला, मान-छाती-पोटाचा सीटी किंवा पेट-सीटी, फुफ्फुसांची क्षमता, टू-डी इको, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी), साखर, प्रोटीन. तुमच्या वडिलांची गाठ २७ सेंटिमीटरवर सुरू होते. श्वासनलिकेचे दोन फाटे साधारण २५ च्या आसपास होतात आणि डावी शाखा अन्ननलिकेला त्याच भागात ओलांडते. म्हणून त्यांच्या बाबतीत ब्रॉन्कोस्कोपी (श्वासमार्गात दुर्बीण घालून तपासणी) करून श्वासमार्गात गाठ घुसलेली नाही ना, हे बघून घ्यावं. आवाज बसला असेल तर स्वरयंत्राची तपासणीही. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आधी श्वासनलिकेत भोक पडलेलं नाही याची खात्री, मगच पुढचं.

एक मोठा अपवाद इथेच सांगतो, कारण बायोप्सीच्या कागदावरचा एक शब्द सगळा बेत बदलतो. तिथे ‘अडेनोकार्सिनोमा’ असतं आणि गाठ खाली जठराच्या तोंडाजवळ असती, तर सल्ला वेगळा असता. जर्मनीतल्या ‘इसोपेक’ चाचणीत त्या प्रकारात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चार औषधांची ‘फ्लॉट’ केमो देणं केमो-रेडिएशनपेक्षा सरस ठरलं, मध्यम आयुर्मान ६६ महिने विरुद्ध ३७. म्हणजे एकाच ‘अन्ननलिकेच्या कॅन्सर’साठी दोन रुग्णांना दोन वेगळे उपचार, आणि दोन्ही बरोबर. स्क्वॅमसमध्येही जपानी डॉक्टर तीन औषधांची जोरदार केमो देऊन रेडिएशनशिवाय ऑपरेशन करतात, आणि त्यांचे निकाल चांगले आहेत. पण ती केमो २० टक्के वजन घटलेल्या माणसाला झेपणारी नाही. आणि गाठ मानेत, अगदी वरच्या टोकाला असेल तर सहसा ऑपरेशन करतच नाहीत, कारण स्वरयंत्रही काढावं लागण्याची वेळ येते. तिथे ५० ग्रेच्या आसपास पूर्ण मात्रेचं केमो-रेडिएशन हाच मुख्य उपचार.

तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात ठरलेली मात्रा अशी: रेडिएशन रोज १.८ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण २३ वेळा, म्हणजे ४१.४ ग्रे. केमो आठवड्यातून एकदा, पाच वेळा: पॅक्लिटॅक्सेल शरीराच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आणि कार्बोप्लॅटिन ‘एयूसी २’. तीन आठवड्यांनी देतात त्या केमोच्या मानाने हे डोस लहान आहेत. त्यांचं मुख्य काम गाठीच्या पेशी रेडिएशनला हळव्या करणं. रेडिएशनने पेशीतल्या डीएनएला तडे जातात, आणि औषधं ते तडे सांधू देत नाहीत. म्हणून दोन्ही एकाच काळात द्यायचं. आधी केमो संपवून मग लाइट, असं सुटं केलं तर हा फायदा जातो.

५० किलो वजन, १६० सेंटिमीटर उंची धरली तर शरीराचं क्षेत्रफळ येतं १.४९ चौरस मीटर, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल साधारण ७५ मिलिग्रॅम. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगावर काढतात. वय ५७, क्रिएटिनिन ०.९ धरलं तर तो वेग मिनिटाला ६४ मिलीलिटरच्या आसपास. त्यात २५ मिळवून दुप्पट केलं (‘एयूसी २’ मधला २ तो हाच) की १७८ मिलिग्रॅम. इथे एक सापळा आहे. स्नायू झिजलेल्या माणसाचं क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. ०.५ आलं म्हणून मूत्रपिंड जोरात चाललंय असं होत नाही, आणि तो आकडा जसाच्या तसा सूत्रात टाकला तर डोस फुगतो आणि पुढच्या आठवड्यात प्लेटलेट कोसळतात. अनुभवी डॉक्टर असा आकडा वर धरूनच हिशोब करतात.

पॅक्लिटॅक्सेल आधी, तासाभरात, फिल्टर असलेल्या वेगळ्या सेटमधून. त्याच्या अर्धा तास आधी डेक्सामेथासोन, अ‍ॅलर्जीचं आणि आम्लपित्ताचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जी आली तर बहुधा पहिल्या-दुसऱ्या डोसला, पहिल्या १०–१५ मिनिटांत येते: चेहरा लाल, छातीत आवळल्यासारखं, पाठीत कळ, धाप. तेवढा वेळ सोबतच्या माणसाने खाली चहाला जाऊ नये. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोनमुळे दोन दिवस साखर चढते, ती मोजा. कार्बोप्लॅटिन त्यानंतर. दर आठवड्याला केमोच्या आदल्या दिवशी रक्त. प्लेटलेट १ लाखाच्या खाली किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली गेले की त्या आठवड्याची केमो सहसा थांबवतात, रेडिएशन मात्र चालू ठेवतात. हे नीट समजून घ्या: पाचपैकी एक केमो हुकली तर फार बिघडत नाही, पण रेडिएशनचे दिवस पडले तर बिघडतं. मधल्या सुट्टीत वाचलेल्या पेशी वेगाने वाढतात. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आहे, घरी लग्न आहे, पंढरपूरची वारी आहे, म्हणून चार दिवस लाइट चुकवू नका. मशीन बंद पडलं तर शनिवारी किंवा एका दिवसात किमान ६ तासांच्या अंतराने दोन वेळा देऊन भरपाई करतात. तशी करता का, हे विचारायला संकोच नको.

रेडिएशनच्या आधी आखणीचा सीटी काढतात. हात डोक्यावर घेऊन, ३ मिलिमीटरच्या कापांत, आणि कातडीवर खुणा करतात. त्या खुणा घासून धुवायच्या नाहीत. घामाने पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवायच्या नाहीत, तंत्रज्ञाला दाखवायच्या. गाठ ६ सेंटिमीटरची असली तरी वर-खाली ३ ते ४ सेंटिमीटर जास्तीचं क्षेत्र घेतात, त्या उभ्या पसरलेल्या लसिकावाहिन्यांमुळे. बाजूला मात्र फक्त सेंटिमीटरभर, कारण तिथे फुफ्फुसं आणि हृदय आहे. आखणी करणाऱ्याचं खरं कसब इथे लागतं. मज्जारज्जूला ४५ ग्रेच्या आत ठेवायचं, दोन्ही फुफ्फुसांचा २० ग्रे मिळणारा भाग २५ ते ३० टक्क्यांच्या आत, हृदयाला होईल तेवढं कमी. फुफ्फुसांना जास्त लागलं तर त्याची किंमत ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर मोजावी लागते.

पहिले दोन आठवडे बरे जातात. काहींना पहिल्या आठवड्यात सूज येऊन गिळणं उलट कमी होतं, घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यापासून छातीत जळजळ सुरू होते, घास उतरताना चिरत गेल्यासारखं वाटतं. चौथा-पाचवा आठवडा आणि संपल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात कठीण. आणि नेमकी याच वेळी गाठ आकसत असते. म्हणजे वाट मोकळी होत असते, पण दुखण्यामुळे खाल्लं जात नाही. सुक्राल्फेट, आम्लपित्ताची गोळी, जेवणाआधी दहा मिनिटं लिग्नोकेनचा घट्ट द्राव घोट-घोट, पातळ पॅरासिटामॉल, आणि लागलं तर मॉर्फिन. मॉर्फिनच्या नावाने घरचे दचकतात. दोन आठवडे मोजक्या मात्रेत घेतल्याने व्यसन लागत नाही, आणि न घेतल्याने तीन किलो वजन नक्की जातं. त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध हवं, नाहीतर बद्धकोष्ठता होते. तोंडात-घशात पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असते, त्याचं औषध वेगळं. तिखट, चटणी, गरम चहा, लिंबू बंद. ताक, थंड दूध, भाताची पातळ खीर चालते.

याच काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. घरातली पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबणं पांढऱ्या पेशी पडलेल्या माणसाला महागात जातं. पाण्याचा ठसका, रक्ताची उलटी, काळी शौचास, अचानक धाप यालाही तोच नियम.

सोलापुरात आणि बार्शीला रेडिएशनची सोय आहे, त्यामुळे या पाच आठवड्यांसाठी मुंबई-पुण्याला खोली घेऊन राहायची बहुतेकांना गरज नाही. रोज अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून एसटीने ये-जा करणाऱ्या रुग्णाचे मात्र जेवणाच्या वेळेचे चार तास प्रवासात जातात. शहरात नातेवाईक असतील तर तिथे राहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट पहिल्याच दिवशी द्या, कारण मंजुरी आल्याशिवाय उपचार सुरू होत नाही आणि केमो, रेडिएशन, ऑपरेशन यांची मंजुरी वेगवेगळी लागते. ऑपरेशन मात्र हे काम नेहमी करणाऱ्या केंद्रातच करा, त्यासाठी बाहेरगावी जावं लागलं तरी. वर्षाला किती अन्ननलिका काढता, शिवलेल्या जोडातून गळती किती जणांना होते, हे सर्जनला थेट विचारा. ज्याच्या हाताखालून नेहमी जातात तो सरळ उत्तर देतो. आणि ही भेट रेडिएशन सुरू होण्याआधीच घ्या, म्हणजे ऑपरेशनची तारीख आधीपासून डोळ्यांसमोर राहते.

आता तिसरा प्रश्न. रेडिएशन संपल्यावर तीन-चार आठवड्यांत भाकरी कुस्करून खाता येते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि घरात चर्चा सुरू होते: ‘आता बरे आहेत, कशाला फाडाफाड?’ समजण्यासारखं आहे. पण गिळता येणं म्हणजे वाट मोकळी झाली एवढंच. क्रॉसमध्ये स्क्वॅमस रुग्णांपैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. उरलेल्या ५१ टक्क्यांत होत्या. कुणाच्या उरल्यात हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. उरलेल्या पेशी बहुधा अस्तराखाली किंवा ग्रंथींत असतात. वरवरची बायोप्सी स्वच्छ येते आणि रोग खाली तसाच असतो.

ऑपरेशनऐवजी काटेकोर लक्ष ठेवायचा मार्ग आहे, आणि तो थोतांड नाही. नेदरलँड्समध्येच ‘सानो’ नावाची चाचणी झाली. त्यात तपासण्यांत कुठेच रोग न दिसलेल्या रुग्णांना थांबवून ठेवलं, रोग परत दिसला तरच ऑपरेशन केलं, आणि दोन वर्षांच्या जगण्यात तो गट मागे पडला नाही. पण तिथे ‘थांबणं’ म्हणजे ठरलेल्या तारखांना खोलवर बायोप्सी, अल्ट्रासाउंड एंडोस्कोपीतून ग्रंथींची सुईने तपासणी, पेट-सीटी, आणि रोग दिसताच ऑपरेशनची तयारी. ओळखीतल्या त्या गृहस्थांनी हे केलं असेल तर तो एक रस्ता झाला. नुसतं घरी बसले असतील तर ती जोखीम आहे. वडिलांची तब्येत, फुफ्फुसं चांगली असतील तर माझा सल्ला ऑपरेशनचाच. फुफ्फुसं किंवा हृदय ऑपरेशन सोसणार नाही असं आधीच दिसत असेल, तर ४१.४ वर न थांबता ५०.४ ग्रेपर्यंत जायचं आणि मग लक्ष ठेवायचं. हा निर्णय पाचव्या आठवड्याच्या शेवटी घ्यायचा नसतो, सुरुवातीला घ्यायचा असतो.

ऑपरेशन रेडिएशन संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी चार-सहा आठवड्यांनी सीटी किंवा पेट-सीटी. पेट-सीटी फार लवकर केला तर रेडिएशनची सूजच पेटलेली दिसते आणि विनाकारण घबराट होते. बारा आठवड्यांवर ढकलण्यात फायदा दिसलेला नाही.

या मधल्या सहा आठवड्यांत घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं, आणि दुर्दैवाने याच काळात सगळे सैल पडतात. वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर. रोज चालणं, आधी अंगणात, मग हळूहळू अर्धा तास, मग दोन जिने न थांबता. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा, ओढून, वर दोन-तीन सेकंद धरून. ऑपरेशनमध्ये उजव्या बाजूने छातीत जातात, एक फुफ्फुस काही वेळ मिटवून ठेवतात, म्हणून नंतरचा सगळ्यात मोठा शत्रू न्यूमोनिया असतो. दात किडलेले असतील तर सर्जनला दाखवून ऑपरेशनआधी साफ करून घ्या. बिडी, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद, निदान चार आठवडे आधीपासून. आणि मिश्री. ‘तंबाखू सोडली का’ विचारलं की बायका आणि बरेच पुरुषही ‘कधी खातच नाही’ म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

ऑपरेशननंतर प्रयोगशाळेच्या अहवालात दोन गोष्टी बघा: कडा स्वच्छ आहेत का, आणि किती ग्रंथी तपासल्या. पंधरा तरी हव्यात. कॅन्सर उरलेला सापडला तर वर्षभर निवोलुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) देण्याचा पर्याय आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने रोगाविना राहण्याचा मध्यम काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर नेला. औषध महाग आहे. कंपनीची मदत योजना आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी बोलून मगच ठरवा, घर गहाण टाकून नको.

घरी आल्यावर जठराची आता नळी झालेली असते, साठवणूक उरलेली नसते. दिवसाला सहा ते आठ वेळा थोडं थोडं, जेवताना पाणी नको, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, रात्री पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब झाले तर साखर कमी करा आणि डाळ-अंडं वाढवा. काही आठवड्यांनी घास मानेपाशी परत अडकायला लागला तर रोग परतला असं लगेच धरू नका. बहुधा जठराची नळी आणि उरलेली अन्ननलिका यांचा जोड आकसलेला असतो, एंडोस्कोपीतून तो रुंद करता येतो. तोवर पोटातली नळी काढायची घाई नको. तोंडाने खाऊन सलग तीन आठवडे वजन टिकलं की मग काढायची.